आधी भाजी बघा, मग बेत ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेथीच्या उभ्या वाफ्यात जनावरं सोडल्याचा फोटो आपल्या दैनिकात नुकताच पाहिला. असे फोटो दर हिवाळ्यात येतात. कधी मेथी असते, कधी कोथिंबीर, कधी रस्त्याच्या कडेला ओतलेले टोमॅटोचे कॅरेट. आपण हळहळतो, पान उलटतो आणि संध्याकाळी दुकानातून असेल त्या भावाने मेथीची जुडी घेऊन येतो. त्या फोटोतल्या शेतकऱ्याचं आणि आपल्या पिशवीतल्या जुडीचं काही नातं आहे, हे मनातही येत नाही. नातं आहे, आणि ते थोडंफार सुधारणं आपल्या स्वयंपाकघरातून जमतं. त्यासाठीच हे पत्र.

मी धुळ्याच्या देवपूर भागात खानावळ चालवते. कॉलेजची मुलं, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं-मुली, बदलीवर आलेले एकटे नोकरदार यांचे साठ-सत्तर डबे रोज निघतात. मुलं शिरपूर, शहादा, साक्री, नवापूरकडची. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी शेती. बाप तिकडे गिलके (घोसाळी) आणि वांगी पिकवतो, माल भरून सुरतेला पाठवतो, आणि मुलगा इथे शहरात बाराही महिने फ्लॉवर-बटाटा खातो, हे मला पहिल्यापासून खटकत आलं आहे.

माझं माहेर साक्री तालुक्यात, पांझराकाठी. लग्नानंतर धुळ्याला आले तेव्हापासून भाजी शक्यतो पिकवणाऱ्याच्या हातून घ्यायची, हे मी पाळलं आहे. आज माझ्याकडे नेरकडचे एक आप्पा, फागण्याच्या एक मावशी आणि कापडण्याचा एक तरुण मुलगा भाजी देतात. तिघांचीही शेती थोडीच. रात्री नऊच्या सुमारास फोन होतो. मी विचारते, उद्या काय निघेल? ते सांगतात, गिलके निघतील, गवार थोडी आहे, पालक दोन दिवसांनी. मग मी उद्याचा बेत ठरवते. सकाळी सातच्या आत माल दारात. मावशी मोटारसायकलीवर मुलाच्या मागे बसून येतात, मांडीवर फडक्यात बांधलेली पालेभाजी. गाठोडं सोडताना दर वेळी म्हणतात, "ताई, सकायमाच तोडेल शे," म्हणजे सकाळीच तोडलेली आहे. आणि ते खरं असतं. देठ ओला असतो, मुळाची माती ओली असते, मेथी हातात घेतली तर गार लागते. बाजारातली जुडी पाणी मारून ताजी दाखवतात, तिच्या आतली पानं मात्र गरम आणि पिवळी निघतात. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व तोडल्या घटकेपासून कमी व्हायला लागतं आणि उन्हात तर फारच लवकर जातं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण चव लगेच सांगते. ताज्या मेथीला लसूण आणि हिरव्या मिरचीपलीकडे काही लागत नाही.

आता पैशाचं बोलते, कारण सगळं तिथेच अडतं. रिझर्व्ह बँकेतल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये एक हिशोब मांडला होता. गिऱ्हाईक टोमॅटोसाठी जो रुपया मोजतं त्यातले साधारण ३३ पैसे शेतकऱ्याला मिळतात, कांद्यात ३६ आणि बटाट्यात ३७. केळीत तर ३१ पैसेच. उरलेले पैसे कोणी एकटा खातो असं नाही. गाडीभाडं आहे, हमाली-तोलाई आहे, सडून गेलेला माल आहे, ठोक व्यापाऱ्याचा आणि दुकानदाराचा वाटा आहे. दुकानदारही पोटासाठीच बसलेला असतो, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण शेत जर शहरापासून मोटारसायकलीच्या अंतरावर असेल, तर त्या भाजीने आधी बाजार समितीत, तिथून ठोक व्यापाऱ्याकडे, तिथून हातगाडीवर आणि मग माझ्या दारात का यावं? मी मावशींना बाजार समितीतल्या लिलावाच्या भावापेक्षा जास्त देते, आणि तरी मला दुकानापेक्षा स्वस्त पडतं. मधला प्रवास वाचतो, त्यातून दोघींचंही भागतं.

मात्र यात एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. थेट विकायचं म्हणजे शेतकऱ्याचा दिवस जातो. शहरात येऊन टोपली मांडून बसलं की दुपारपर्यंत हलता येत नाही. तिकडे शेतात निंदणी खोळंबते, लाइट असेल तेव्हाच पाणी भरावं लागतं ते चुकतं, घरची म्हैस खोळंबते. म्हणून बरेच जण कमी भावात का होईना, पहाटे लिलावात माल टाकून दहा वाजेच्या आत घरी परततात. त्यांना दोष देता येत नाही. "शेतकऱ्याने स्वतः विकायला शिकलं पाहिजे" असं भाषणात ऐकते तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मग पिकवायचं कोणी? त्याला हवं असतं नक्की गिऱ्हाईक. आज दहा किलो गिलके नेले आणि उद्या फोनच उचलला नाही, असं गिऱ्हाईक नको. कमी घ्या, पण ठरलेलं घ्या. आप्पांनी मागच्या वर्षी माझ्या आणि शेजारच्या दोन खानावळींच्या भरवशावर गवारीच्या दोन ओळी जास्त लावल्या. दोनच ओळी, पण तोडायच्या आधीच विकल्या गेलेल्या. त्यांच्या घरात त्या गवारीचा पैसा दर आठवड्याला रोख येत होता आणि मुलीची कॉलेजची फी त्यातून भरली, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

खाणाऱ्याच्या बाजूने एकच पथ्य लागतं. आधी बेत ठरवून मग भाजी शोधायची नाही, आधी भाजी बघायची आणि मग बेत ठरवायचा. आपल्या आज्या असंच करत होत्या. बाराही महिने वाटाणा आणि फ्लॉवर मिळायला लागल्यापासून हे मोडलं.

आपल्या खान्देशात ऋतूप्रमाणे खायचं ठरवलं तर ताट कधी ओकंबोकं राहत नाही. पहिल्या पावसानंतर शेताच्या बांधावर तांदुळजा आणि चिघळ येते, त्याला कोणी पेरत नाही. मग अंबाडी. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, वरून लसणाची फोडणी. श्रावणात गिलके, दोडके, कारली, वेलावरचं सगळं. गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, घरात नुसतं ठेवलं तरी महिनोन् महिने टिकतं, त्याला फ्रीज लागत नाही. दिवाळीच्या मागेपुढे मेथी, पालक, मुळा, हिरवा लसूण, तूर भरली की तिच्या ओल्या शेंगा. आणि भरताची वांगी! यावल तालुक्यातल्या बामणोदची, जळगावजवळच्या आसोद्याची ती मोठी, हिरवट, पांढऱ्या रेघांची वांगी आली की माझ्या खानावळीत दुसऱ्या कोणत्याही भाजीचं नाव कोणी काढत नाही. गॅसवर भाजून ते होत नाही. मागच्या अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करते, त्यात वांगी साल फुटेपर्यंत भाजते, आणि बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरची-लसणासोबत ठेचते. बी कमी आणि गर लोण्यासारखा, म्हणून त्याला फार तेल ओतावं लागत नाही. शेंगदाणे आणि कांद्याची पात घातली की झालं. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. पुण्याची एक मुलगी परीक्षेच्या तयारीसाठी धुळ्यात तिच्या मावशीकडे राहिली होती, डबा माझ्याकडून जायचा. परत जाताना तिने दुसरं काही मागितलं नाही, भरताची कृती तेवढी लिहून घेतली.

मुलं कुरकुर करतात, हे मान्य आहे. सलग दोन दिवस गिलके झाले की "काकू, पुन्हा गिलके?" येतंच. मग एक दिवस गिलक्याची भजी, एक दिवस मुगाची डाळ घालून, एक दिवस शेंगदाण्याचा कूट लावून परतलेले. भाजी तीच, चव वेगळी. रांधणारीला थोडं डोकं चालवावं लागतं, एवढंच. आणि उन्हाळ्यात हिरवी भाजी महाग होते तेव्हा पाटोड्यांचा रस्सा, उडदाची डाळ, शेवेची भाजी, वाळवलेल्या गवारीची भाजी. आपल्या बायकांनी चैत्र-वैशाखाच्या कडकीसाठीच हे पदार्थ घडवलेले आहेत.

वांग्याबद्दल आणखी एक सांगते. वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी पडते. गिऱ्हाईक छिद्र दिसलं की वांगं बाजूला टाकतं, म्हणून शेतकरी फवारणीवर फवारणी घेतो. पुष्कळदा तोडणीच्या अगदी आदल्या दिवसांपर्यंत घेतो, कारण एका छिद्रापायी अख्खं कॅरेट उतरत्या भावात जातं. मी आप्पांना सांगून ठेवलं आहे की छिद्राचं वांगं मला चालेल. विळीवर कापताना किडका भाग काढून टाकते, बाकीचं भाजीत जातं. त्याचा भाव थोडा कमी लागतो, पण वाया जात नाही, आणि आप्पांनी फवारण्यांमध्ये अंतर वाढवलं आहे. जवळचं म्हणजे आपोआप बिनविषारी, असा माझा दावा नाही. पण जवळच्या शेतकऱ्याला विचारता येतं. शेवटची फवारणी कधी घेतली, काय घेतलं, हे मी तोंडावर विचारते आणि ते सांगतात. परराज्यातून आलेल्या सिमला मिरचीला हा प्रश्न कोण विचारणार? वाकडी काकडी, डागाचा टोमॅटो, लहानमोठी भेंडी यांचंही तसंच. पोटात गेल्यावर सगळं सारखंच.

भाजीपेक्षाही मोठी गोष्ट धान्याची आहे. तापीकाठच्या काळ्या खोल जमिनीत दादर पिकते, आपली रब्बीची ज्वारी. पावसाळ्याने जमिनीत साठवलेल्या ओलीवर ती येते, पुष्कळ ठिकाणी वरून पाणीही लागत नाही. माणसाला भाकरी होते, जनावराला कडबा होतो. पण कपाशी आणि मक्याने तिचं रान खाल्लं, कारण दादर विचारणारंच कोणी राहिलं नव्हतं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं, पोस्टर लागले, पाककृती स्पर्धा झाल्या. त्यानंतर किती घरांत रोज एक वेळ भाकरी सुरू झाली, हे आपण आपल्याच घरात तपासून बघावं. मी वर्षाची दादर शिंदखेडा तालुक्यातल्या एका घरून घेते, माल निघाला की एकदम. कळण्याला दादरीत काळे अख्खे उडीद आणि खडेमीठ घालून जाडसर दळून आणते. रात्रीच्या डब्यात आठवड्यातून तीन वेळा भाकरी असते. सुरुवातीला पोळीच हवी म्हणणारी मुलं आता ठेचा-भाकरीच्या दिवशी एक भाकरी जास्त मागून घेतात.

तुरीची डाळ नवापूरची मिळाली तर मी दुसरीकडे बघत नाही. तिला भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या भरीत वांग्याला आणि जळगावच्या केळीलाही आहे. मानांकनाचा कागद मिळाला म्हणून आपण पेढे वाटतो, पण धुळ्याच्या किराणा दुकानात नवापूरची डाळ नाव सांगून मागणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलं आहे. वर्षाची मिरची भरायची तर नंदुरबार जवळच आहे. हिवाळ्यात तिथल्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, रस्त्यावरून जाताना नाकाला झोंबते. चार-पाच घरांनी मिळून एक पोतं आणलं तर पाकिटातल्या पुडीची गरज पडत नाही, आणि तिखटात काय मिसळलं आहे ही धास्तीही राहत नाही.

केळीचं तर मला फार वाईट वाटतं. राज्यात सगळ्यात जास्त केळी जळगाव जिल्ह्यात होते. रावेर-यावलहून कच्चे घड ट्रक भरून उत्तरेकडे निघून जातात. कधी मे-जूनच्या वादळात उभ्या बागा आडव्या होतात, कधी भाव पडतो आणि घड बागेतच पिकतो. आणि आपण आजारी माणसाला भेटायला जाताना काय नेतो? परदेशातून आलेलं, स्टिकर चिकटवलेलं सफरचंद. आजाऱ्याला केळी दिली तर कमीपणा वाटतो. मेहरूणची बोरं, उन्हाळी टरबूज, पावसाळ्यातली जांभळं, आश्विनातली धडगावकडची सीताफळं, हे सगळं हाताच्या अंतरावर आहे. पाहुण्याच्या ताटलीत हे ठेवायला लाज कसली?

लग्नांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडचं लग्नाचं जेवण म्हणजे वरण-बट्टी, घोटलेली वांग्याची भाजी आणि जिलेबी. गहू इथला, तूर इथली, वांगी इथली, तूप गावातलं. हजार माणसांच्या एका पंगतीसाठी वांगीच क्विंटलांनी लागतात. आता केटरर पनीरच्या दोन भाज्या, मंचुरियन आणि बेबी कॉर्न असं पान छापून देतो, आणि वधूपिता शेतकरी असूनही त्याच्या शेतातलं त्यात काही नसतं. ज्यांच्या घरी या हिवाळ्यात कार्य आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, निदान एक भाजी आपल्या गावची ठेवा. वांगी कोणाच्या शेतातून घेतली हे पंगतीत सांगा. खाणाऱ्यालाही बरं वाटेल आणि पिकवणाऱ्याचीही मान उंच होईल.

सगळंच जवळचं घ्या, असा हट्ट मी धरत नाही. बटाटा मला इंदूर-गुजरातकडचाच घ्यावा लागतो. चहा, नारळ, बहुतेक तांदूळ बाहेरचेच. आपला कांदा, आपली केळी, आपली मिरचीही बाहेरगावचे लोक खातात म्हणून आपले शेतकरी तग धरून आहेत. पण जे घराजवळ पिकतं ते तरी आधी घराजवळ विकलं जावं, एवढं मागणं जास्त नाही.

पांझराकाठची फड पद्धत पुष्कळ वाचकांना माहीत असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. कोणत्या फडात यंदा काय लावायचं हे गावाने बसून ठरवायचं, पाटकऱ्याने पाणी फिरवायचं आणि शेवटच्या शेतापर्यंत पोचवायचं. तीन-चारशे वर्षं हे चाललं. पाण्याचा हिशोब आधी, पेरणी मागून. खाणाऱ्यांनी आणि पिकवणाऱ्यांनीही असं आधी बोलायला काय हरकत आहे? शहरात किती खानावळी आहेत, किती वसतिगृहं, किती हॉटेलं, किती दवाखान्यांच्या कॅन्टीन. या सगळ्यांनी आठवड्याला अमुक किलो भाजी अमुक गावातून घेऊ, एवढं जरी हंगामाच्या आधी सांगितलं, तरी गावात कोणी काय लावायचं ते ठरवता येईल. मग सगळ्यांनी एकाच वेळी मेथी लावायची आणि एकाच वेळी जनावरांना घालायची, अशी पाळी कमी येईल.

कायद्याची अडचण आता उरलेली नाही. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला, शेतकऱ्याला आवाराबाहेर कोणालाही माल विकायची मुभा आहे. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचं अभियान निघालं. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहरामध्ये विक्रीच्या जागा ठरवून द्यायची तरतूद आहे. अडचण जागेचीच आहे. फागण्याच्या मावशींसारख्या बायका उरलेली भाजी विकायला रस्त्याच्या कडेला बसतात, आणि तासाभरात कोणीतरी येऊन त्यांना उठवतं. कधी समोरचा दुकानदार, कधी रोजचा भाजीवाला, कधी आणखी कोणी. उन्हात टोपली घेऊन त्या एका चौकातून दुसऱ्या चौकात जातात, आणि पालेभाजी तोवर माना टाकते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. देवपुरात एक आणि जुन्या धुळ्यात एक, अशा दोन जागा स्वतःचा माल आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी रोज सकाळी सहा ते नऊ राखून ठेवाव्यात. वर सावली, प्यायला पाणी, बायकांसाठी स्वच्छतागृह आणि एक वजनकाटा, एवढं पुरे. सातबारा दाखवेल त्याला बसू द्यावं. नऊ वाजता तो मोकळा होऊन शेतात परत जाईल. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा आणि लोकप्रतिनिधींनी तो सभागृहात मांडावा. आमच्या भागातल्या खानावळवाल्या आम्ही पाच जणींनी आपसांत बोलून ठेवलं आहे. अशी जागा झाली तर आमची रोजची भाजी तिथूनच जाईल, आणि किती लागेल ते आम्ही आदल्या रात्री कळवू. ज्या वाचक भगिनींना यात सामील व्हायचं असेल त्यांनी आपल्या गल्लीतल्या चार घरांशी बोलून ठेवावं.

आपली,
देवपूर, धुळे येथील एक खानावळचालक